लॉर्नाच्या पाळीचं पाणी

फोटोत माझ्या बायकोचं शेत पिवळं होतं आणि पाटापलीकडचं हिरवं. कॉरिननं तो फोटो माझ्यापुढे सरकवला तेव्हा मी कॉफीत साखर ढवळत होतो. कॉरिन म्हणजे आमच्या कंपनीनं नेमलेली पाण्याची इंजिनिअर. ग्रीली शहरात दुसऱ्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे. विमानातून काढलेला फोटो होता, जुलैतला, काही वर्षांपूर्वीचा. तिनं त्याच्याशेजारी दुसरा ठेवला, मग तिसरा, असे अकरा जुलै टेबलावर मांडले. अकराही वेळा लॉर्नाचं शेत जास्त भाजलेल्या पावासारखं आणि शेजारचं सेलेस्तिनो अबेताचं ओलं, गडद हिरवं. कॉरिन म्हणाली, "तुमच्या मिसेसच्या नावावर पाटाचे दोन शेअर आहेत. दर उन्हाळ्यात त्यांचं पाणी पुरतं उचललेलं आहे. मग ते गेलं कुठं?" मी म्हणालो, "गवताला." ती म्हणाली, "गवत दाखवा मला. कुठल्याही फोटोत दाखवा." मी फोटो डोळ्यांजवळ नेला. लॉर्ना जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मी फोटोत गवत शोधत नव्हतो. एवढ्या उंचावरून माणूस दिसतो का, हे बघत होतो.

साउथ प्लॅट नदीच्या काठी आमची खडीची खाण आहे. तिथं मी एकतीस वर्षं फोरमन आहे. नदीकाठच्या मातीखाली वाळू आणि गोटे असतात. ते काढले की खड्ड्यात खालचं पाणी वर येतं आणि तळं होतं. ते पाणी नदीचंच असतं, फक्त जमिनीखालून चाललेलं. उघडं पडलं की ऊन त्यातलं रोज थोडं पितं, आणि तेवढं नदीला कमी पडतं. खाली नेब्रास्का राज्यापर्यंत ज्यांचे हक्क आमच्याहून जुने, त्यांचा तो तोटा. म्हणून उन्हानं नेलेलं पाणी खाणवाल्यानं दुसरीकडून आणून नदीत भरावं असा कायदा आहे. तळं आहे तोवर भरायचं, आणि तळं तर कायमच असतं. आजवर कंपनी शेजारच्या गावाकडून पाणी भाड्यानं घ्यायची. यंदा गावानं ते स्वतःकडे ठेवलं. एक एप्रिलपर्यंत भरपाईचं पाणी दाखवा, नाहीतर पंप बंद, असं सरकारी माणूस सांगून गेला. तेव्हा मीच पुढं होऊन लॉर्नाचे शेअर देऊ केले. आमच्याकडे पाणी जमिनीला चिकटलेलं नसतं. शेअर वेगळा, शेत वेगळं. फक्त एक अट असते. ज्या शेतावर ते पाणी आजवर पडलं ते शेत पुढं कायमचं कोरडं ठेवावं लागतं, नाहीतर एकच पाणी दोनदा वापरल्यासारखं होतं. लॉर्नाच्या बापाकडून आलेलं ते वीस एकराचं गवत कोरडं पडलं असतं तर माझं काही जाणार नव्हतं. तिचं काहीतरी माझ्याबरोबर खाणीवर राहील एवढंच माझ्या मनात होतं. आता कॉरिन म्हणत होती, "खरं सांगू का, आपल्याला हे बरंच आहे. वाळल्या गवतापेक्षा ही खरबुजं आणि मका जास्त पितात. पिकानं जेवढं प्यायलेलं दाखवता येईल तेवढंच आपल्या पदरात पडतं. हे हिरवं शेत कुणाचं आहे?"

मी नाव सांगितलं. तिनं कागद काढला. पाणी कुठल्या जमिनीवर पडलं ते शपथेवर लिहून द्यायचं, खाली माझी सही, आणि शेत कोरडं ठेवायला कबूल आहे म्हणून जमीनवाल्याची सही. मी लगेच सही केली. ती म्हणाली, "वाचा तरी. एवढ्या पटकन कुणी करत नाही." मी म्हणालो, "खरं आहे तेच लिहिलंय ना?" ती म्हणाली, "हो. अबेतांना मी पत्रानं पाठवते." मी कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणालो, "मी नेतो. शेजारीच आहे." जिना उतरताना माझे पाय हलके होते. खूप दिवसांनी मला कुठंतरी जायची घाई झाली होती. त्या माणसाचं तोंड मला बघायचं होतं.

वाटेत पेट्रोल पंपावर डेल भेटला. डेल आमच्या पाटाचा पाटकरी. कुणाची पाण्याची पाळी कधी आणि कुणाचं दार किती उघडायचं, ते तो ठरवतो. गाडीत बसून बुरिटो खात होता. "काय रे एल्डन, पाणी शोधत फिरतोयस म्हणे. तळ्याकाठी बसून थोडा रड, तेवढंच भरेल." बोलला आणि मग त्याच्या लक्षात आलं, मान खाली घालून म्हणाला, "जाऊ दे. मला तसं म्हणायचं नव्हतं." मी विचारलं, "लॉर्नाची पाळी तू कुठल्या दारातून सोडायचास?"

"मंगळवारची? टिनोच्या."

"कुणी सांगितलं होतं?"

"तिनंच. आणखी कोण सांगणार, पाद्री?"

"किती वर्षं?"

"मला अठरा झाली. आधीच्या पाटकऱ्यानं मला पाट दाखवला तेव्हाच सांगितलं होतं, मंगळवारी पाच वाजता लॉर्नाचं पाणी टिनोला." तो चावायचा थांबला. "तुला माहीत नव्हतं?"

"होतं."

"नव्हतं तुला माहीत," डेल म्हणाला, आणि खिडकीची काच वर घेऊ लागला. अर्ध्यावर थांबून म्हणाला, "पाटावर सगळ्यांना ठाऊक होतं, एल्डन. कुणाला त्यात काही वाटलं नाही." मला ते जास्त लागलं. लोकांनी तोंडावर हात ठेवून कुजबुज केली असती तर निदान मी त्या गोष्टीत कुठंतरी असतो.

टिनो. सेलेस्तिनोचं हे नाव माझ्या घरात कधी उच्चारलं गेलं नव्हतं. लॉर्ना त्याला टिनो म्हणत असेल का? मी गाडी चालवत ते नाव तिच्या आवाजात म्हणून बघत होतो, आणि येत नव्हतं. तिचा आवाज मला अजून पुरता आठवतो असं मी सगळ्यांना सांगायचो. त्या दिवशी कळलं की तिनं मला जे शब्द म्हटले तेवढेच मला त्या आवाजात ऐकू येतात. नवा शब्द त्या आवाजात बसत नाही. आणि त्या माणसाकडे असे शब्द असणार, बावीस उन्हाळ्यांचे, मी कधी न ऐकलेले. उन्हाळ्यात मंगळवारी ती साडेचारला उंच रबरी बूट घालून खोरं घेऊन निघायची. पाण्याची दारं धरायला जाते म्हणायची. मी सातपर्यंत पंपांवर असायचो. घरी आलो की ओट्यावर झाकलेलं ताट असायचं, ते खाऊन बेसबॉल बघत बसायचो. साडेआठला ती यायची, बाहेर अजून उजेड असायचा. मी विचारायचो, "कसं होतं?" ती म्हणायची, "पाणी बरं होतं." बावीस वर्षं मंगळवारचं आमचं बोलणं एवढंच. ती बूट मागच्या दारात काढायची आणि ते मी धुवायचो. ते माझं काम होतं, प्रेमानं घेतलेलं. तिच्या बापाच्या शेताची माती वाळवट आणि फिकट आहे, कडेला उभं राहिलं तरी कळतं. बुटांचा चिखल काळा असायचा. एकतीस वर्षं माती उकरणारा माणूस मी, हाताला लागलेली माती कुठल्या थरातली ते डोळे मिटून सांगतो. तो काळा चिखल मी दर मंगळवारी नळाखाली धरला आणि मला काही कळलं नाही.

आणि खरबुजं. ऑगस्ट संपत आला की ती पोतंभर खरबुजं आणायची. वर हिरव्या मिरच्या. कुठून आणलीस विचारलं की रस्त्यावरून म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं, रस्ता त्याच्या दारावरूनच जातो. खरबूज कापलं की घरभर वास सुटायचा. मी म्हणायचो, असं खरबूज दुकानात मिळत नाही. म्हणायचो आणि आणखी एक फोड मागायचो. तिला ते ऐकून काय वाटत असेल? ती हसायची. ते हसणं आठवून मला इतके महिने बरं वाटत होतं. आता ते हसणं कुणाकडे बघून होतं ते मला कळेना. रात्री झोपताना कूस बदलावी तशी मी एकेक आठवण उलटी करून बघत होतो, आणि प्रत्येकीच्या पाठीला थोडा काळा चिखल लागलेला होता. दवाखान्यातली सुद्धा. ऑक्टोबरमध्ये, जायच्या आधी चार दिवस, ती म्हणाली होती, "डेलला सांग, मंगळवारची पाळी चालू ठेव." मी म्हणालो, "पाट बंद झालाय, लॉर्ना. हिवाळा आला." तिनं डोळे मिटले. ग्लानीत बोलतेय असं मी नर्सला सांगितलं. माझ्याशी झालेल्या शेवटच्या धड बोलण्यांपैकी ते एक होतं, आणि ते त्या माणसासाठी होतं.

खाणीच्या आणि त्याच्या शेताच्या मध्ये मातीचा उंच बांध आहे. खाण लोकांच्या डोळ्यांना दिसू नये म्हणून कायद्यानं घालावा लागतो. तो मीच घातला, वर झुडपं लावली. त्या बांधाच्या अलीकडे मंगळवारी संध्याकाळी मी पंपांशी झटत होतो आणि पलीकडे, दोनशे पावलांवर, ती होती. पंपांच्या आवाजात मला काही ऐकू आलं नसतं. तिला मात्र पंप ऐकू येत असणार. मी कुठं आहे ते तिला कळत होतं, आणि ती कुठं आहे ते मला कळत नव्हतं. हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. सेलेस्तिनो चारीतलं वाळलं गवत जाळत होता. मार्चमध्ये पाटात पाणी यायच्या आधी सगळेच जाळतात. त्याचं वय माझ्याएवढंच, एकाहत्तर. माणूस बुटका, डावा पाय ओढत चालतो. लग्न केलं नाही, आई होती तोवर तिला सांभाळलं. मला बघून त्यानं खोरं जमिनीत रोवलं आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"या, फोरमनसाहेब. धूर बघून आलात काय? परवाना आहे माझ्याकडे."

"कागद आणलाय."

"तुमचा आमचा संबंध कागदाचाच. मागं मी आलो होतो तुमच्याकडे, तेव्हाही तुम्ही कागदच मागितला होतात."

मी कागद दिला. त्यानं तो हात लांब करून धरला आणि ओठ हलवत सगळा वाचला. दोनदा वाचला असावा. मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. मी कल्पना केली होती की तो ओरडेल, वकिलाची भाषा करेल, आणि मग मी त्याला शांतपणे सांगेन की पाणी माझ्या बायकोचं आहे. 'माझ्या बायकोचं' हे दोन शब्द मी गाडीत म्हणून ठेवले होते. तो म्हणाला, "पेन आहे?"

माझ्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यानं सही केली. हळू, शाळेतल्यासारखी, पुरं नाव.

"एवढं सोपं?" मी म्हणालो.

"पाणी तिचं होतं. तिनं दिलं तोवर आलं. आता तुमचं. उसनं आणलेलं खोरं मालक मागायला आला तर काय कोर्टात जायचं?"

"शेत वाळेल."

"वाळेल की."

"मग खाशील काय?"

"तुम्ही काय खाता?" तो म्हणाला. "दुकानात मिळतं ना सगळं."

मला त्यानं भांडायला हवं होतं. जिंकलेला कागद माझ्या हातात होता आणि तो उन्हानं गरम झालेल्या पत्र्यासारखा नुसता हाताला लागत होता. मी विचारलं, "ती इथं काय करायची?" तो म्हणाला, "दारं धरायची. माझा पाय हा असा. चिखलात रुतला की निघत नाही."

"आणि मग?"

"मग काय? पाणी सरीच्या टोकाला जायला चाळीस मिनिटं घेतं. तोवर बसायची." हनुवटीनं त्यानं बांधाजवळची एक उलटी लाकडी पेटी दाखवली. फळांच्या पेटीएवढी, साधी. तिच्याशेजारी दुसरी पेटी नव्हती. मी ते आधी बघून घेतलं होतं.

"तू कुठं बसायचास?"

"मी उभा. बसलो तर उठवत नाही मला." तो जरा हसला. "तुम्ही काय विचारायला आलात ते विचारा, साहेब. गवत विझायला लागलंय."

"तिनं तुला पाणी का दिलं?"

सेलेस्तिनो 'तुम्ही'वरून 'तू'वर आला. "तुला खरंच ठाऊक नाही? विहीर, एल्डन. माझी विहीर."

मग मला आठवलं, आणि आठवल्यावर वाटलं की ते मी कधी विसरलोच नव्हतो, फक्त तिकडे बघत नव्हतो. बावीस वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही नवा खड्डा खोल घेतला. चार पंप रात्रंदिवस पाणी उपसत होते. हा माणूस खाणीच्या फाटकाशी बादली घेऊन आला. बादलीत गाळ होता, त्याच्या विहिरीच्या पंपानं पाण्याऐवजी ओकलेला. तो म्हणाला, तुमच्या उपशानं माझी विहीर आटली. मी म्हणालो, कागद आण, सिद्ध कर. म्हणालो, नाहीतर खोल खण, आम्ही खणतोच की. माझी माणसं हसली. संध्याकाळी जेवताना मी ते लॉर्नाला सांगितलं, त्याचे उच्चार काढून, बादली धरायची ढब करून. मला वाटलं होतं ती हसेल. तिनं काटा खाली ठेवला आणि विचारलं, "किती खोल होती त्याची विहीर?" मी म्हणालो, मला काय माहीत, असेल तीस फूट. ती उठून भांडी धुवायला लागली. विहिरीचा विषय आमच्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढच्या मंगळवारपासून ती त्याच्या शेतावर जायला लागली असावी. म्हणजे खाणीनं त्याचं घेतलेलं पाणी तिनं भरून दिलं होतं. मला न विचारता, मला न सांगता, माझ्या वतीनं. हे कळल्यावर माझा जीव हलका व्हायला हवा होता. नाही झाला. उलट मला वाटलं की हे जर माझ्यामुळं होतं तर ते माझं आहे. त्या सगळ्या संध्याकाळी माझ्या नावावर आहेत आणि या माणसानं त्या वापरल्या. मी त्याला सरळच विचारलं.

"माझ्यामुळं यायची की तुझ्यामुळं?"

त्यानं टोपी मागं सारली. "पहिल्या वर्षी तुझ्यामुळं. नंतर मी विचारलं नाही."

"काय बोलायची?"

"बोलायची."

"काय?"

"कागदावर सही केली ना मी?" तो म्हणाला. "ते कागदात नव्हतं." आणि पाय ओढत चारीकडे गेला.

कागद आठ दिवस गाडीत पुढच्या काचेशी पडून होता. कॉरिनचे दोन फोन आले. मी म्हणालो, सेलेस्तिनो सापडत नाहीये. खाणीवर जाताना येताना तो कागद काचेत उलटा दिसायचा आणि त्यातून रस्ता दिसायचा. एका सहीनं पुढच्या जुलैत ते हिरवं पिवळं होणार होतं, आणि ते बघायला मला विमानाचीही गरज नव्हती. बांधावर चढलो तरी दिसलं असतं. मी तसं मनात बघायचो, आणि त्यात मला सुख व्हायचं, खोटं का सांगू. पण त्या पिवळ्यात ती पेटीही वाळायची. तिथं बसायचं कारणच उरत नव्हतं. तो माणूस शेत विकून पुएब्लो शहरात बहिणीकडे गेला असता, आणि बावीस वर्षांचं तिचं बोलणं त्याच्या डोक्यात त्याच्याबरोबर निघून गेलं असतं. मग ते त्यानं कुणाला सांगितलं असतं? बहिणीला? जेवताना? मी रात्रभर त्या बहिणीचाही द्वेष केला. मी तिला कधी बघितलेलं नाही. आपल्या मालकीचं पाणी नदीत सोडून देता येतं, पण ते पाणी सोडलं की पाण्यावर उभं असलेलं सगळं जातं, हे मी एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतांबद्दल कागदावर वाचत आलो होतो. मला दया आली म्हणून मी थांबलो असं कुणी समजू नये. मला ते बोलणं हवं होतं.

मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी मी मॅनेजरच्या ऑफिसात गेलो. रस म्हणजे आमचा मॅनेजर, माझ्याहून वीस वर्षांनी लहान, माणूस वाईट नाही. मी सांगितलं, शेअर देत नाही. त्यानं आधी दार लावून घेतलं.

"पैसे कमी वाटतात का?"

"नाही."

"मग तब्येत? झोप लागते का तुला?"

"नाही लागत. पण त्यामुळं नाही."

"एल्डन, तूच पुढं झाला होतास. तुझ्या शब्दावर मी दुसरीकडे बघितलं नाही. आता चार दिवसांत पाणी कुठून आणू? नवा खड्डा बुजवावा लागेल. तळं लहान केल्याशिवाय ते पंप चालू ठेवू देणार नाहीत. सहा माणसं घरी बसतील या हंगामात. त्यांना कोण सांगणार?"

"मी सांगतो."

"आणि काय सांगशील?"

"मी शब्द मोडला म्हणून."

तो खुर्चीत मागं टेकला. "बायको गेलेल्या माणसावर ओरडताही येत नाही," तो म्हणाला. "हे तुझं बरं आहे." सहाही जणांना मी सांगितलं, फाटकाशी, सकाळी. एकाच्या बापाबरोबर मी काम केलं होतं. तो डबा घेऊन निघून गेला. एप्रिलभर मी खड्डा बुजवून घेतला. ज्या मातीचा थर मी दोन वर्षं जपून बाजूला काढला होता तीच माती परत आत लोटली. जूनपर्यंत मला राहायला सांगितलं होतं. नंतर नको, असं रसनं नीट शब्दांत सांगितलं.

मेच्या पहिल्या मंगळवारी पाच वाजता मी सेलेस्तिनोच्या शेतावर होतो. डेलला मी सकाळी फोन केला होता. दार कुठलं, असं त्यानं विचारलं नाही. चारीतून पाणी येत होतं, पुढं काडीकचरा आणि फेस ढकलत. सेलेस्तिनो कुंपणाशी उभा होता, त्याच्या पायात घरातली चप्पल होती. यंदा पाळी येईल असं त्याला वाटलंच नव्हतं.

"डेल चुकला असं मला वाटलं," तो म्हणाला.

"चुकला नाही."

"तो कागद?"

"फाडला. पण एक अट आहे."

"तरीच. मी म्हटलं खाणवाला माणूस, फुकट कसं देईल."

"दर पाळीला तिचं एक बोलणं सांगायचं. मला माहीत नसलेलं."

तो माझ्या हातातल्या खोऱ्याकडे बघत होता. "आणि संपली म्हणजे?"

"बावीस वर्षांची आहेत."

"मग आपणच आधी संपू," तो म्हणाला. "धर दारं. त्या कोपऱ्यातली सरी आधी फोड, तिथं चढ आहे."

मला दारं धरता येत नव्हती. मी एक सरी फोडली तर पाणी दोन सऱ्यांत गेलं. तो काठावरून ओरडून सांगत होता, मातीचा ढेकूळ घाल, तिथं नाही, मागं, अरे देवा, मागं. ती हे कधी शिकली असेल? तिलाही तो असाच ओरडला असेल, आणि ती चिखलात उभी राहून हसली असेल. माझे बूट काळे झाले. शेवटी पाणी सरळ लागलं. पेटीवर मी बसलो नाही. तोही बसला नाही. मी म्हणालो, "सांग."

त्यानं विचार करून सांगितलं. म्हणाला, "तिला शिजलेल्या कोबीचा वास सहन व्हायचा नाही. तुझ्या आईला वाईट वाटेल म्हणून ती कधी बोलली नाही. तीस वर्षं तुझ्या आईचे ते कोबी भरलेले पाव भाजले तिनं, नाकानं श्वास न घेता."

"हे धरायचं नाही," मी म्हणालो. "हे मला माहीत आहे. आईच्या दफनानंतर गाडीत तिनं मला सांगितलं होतं." मला इतका आनंद झाला की मी खोरं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मला आधी सांगितलं होतं. की त्याला आधी, मला नंतर? तो विचार आला तसा मी लोटून दिला. "दुसरं सांग."

त्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. पाणी सरीत अर्ध्यावर गेलं होतं. तो आठवत होता, एकेक काढून बाजूला ठेवत होता, आणि जेवढा वेळ त्याला सापडत नव्हतं तेवढा वेळ मी पुढं होतो. मला वाटलं, कदाचित त्याच्याकडे फार नसेलच. कदाचित ती इथंही पाणी बरं आहे एवढंच म्हणत असेल. मग त्याला काहीतरी आठवलं. माझ्याकडे वळायच्या आधी तो एकटाच हसला.